नाव न घेता बोललेला नवस

९ ऑगस्ट २०२४, शुक्रवार

ताप उतरत नाही. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, खोटं बोलत नाहीत, आणि त्याचाच मला राग येतो. म्हणाल्या, केमोने रक्तातल्या कॅन्सरच्या पेशी मेल्या तशा चांगल्याही मेल्या. आता अंगात लढायला काही उरलं नाही आणि जंतू रक्तात शिरलेत. ज्युलीला आयसीयूत हलवलं. माझी एकुलती एक. बँकेत दिवसभर लोकांशी हुज्जत घालणारी मुलगी काचेपलीकडे नळ्या लावून पडलीय. ॲन्सेल्म काचेला हात टेकून उभे होते. वॉचमनने हात काढायला लावला आणि माझ्या नवऱ्याने निमूट काढला. भांडायला हवं होतं त्या माणसाशी.

सगळ्या संतांना सांगून झालंय. वेलंकनीला, मोतमाउलीला, संत अंतोनीला, आपल्या गोन्सालोला. कोणी हूं की चूं करत नाही. शाळेत असते तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतं.

११ ऑगस्ट, रविवार

चर्चची मिस्सा पुन्हा चुकली.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. "आजचा दिवस बघू," एवढंच म्हणाल्या. ॲन्सेल्म खाली औषधाच्या रांगेत होते. लिफ्टसमोर ही गर्दी, म्हणून मी जिन्याने निघाले आणि दोन मजल्यांच्या मध्ये बसले. पायरीवर कोणीतरी केळ्याची साल टाकली होती. तिच्याकडे बघत मी बोलले. मनात नाही, मोठ्याने! म्हणाले, "माझा जीव घ्या म्हणून महिनाभर सांगतेय. तो कोणाला नकोय. बरोबर आहे, म्हातारीच्या जिवाला काय भाव? मग आत्मा घ्या. जो कोणी ऐकत असेल त्याने घ्या. कायमचा घ्या, मला परत नको. माझी मुलगी द्या."

वरून सफाईवाली बाई उतरत आली. म्हणाली, "आजी, उठा, फिनेल टाकायचंय."

उठले.

१२ ऑगस्ट, सोमवार

ताप उतरला!

१४ ऑगस्ट, बुधवार

डोळे उघडून बघते. ओळखते. आज पेज मागितली, आणि दोन घास खाऊन म्हणाली, "आई, मीठ विसरलीस." विसरले नव्हते, डॉक्टरांनीच कमी सांगितलंय. पण मी भांडले नाही. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा त्या मुलीशी भांडले नाही.

१ सप्टेंबर, रविवार

घरी आलो. भुईगावच्या वळणावर ज्युलीने गाडीची काच खाली करायला लावली, खाऱ्या वाऱ्याचा वास घेतला आणि मास्क परत वर केला. हाडातल्या मगजाचा रिपोर्ट साफ आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खरं सांगायचं तर मला एवढी आशा नव्हती. पुढचे केमो व्हायचेच आहेत, पण मध्ये मध्ये घरी राहता येईल. घरात फुलं नकोत, कच्चं फळ नको, पाहुणे नकोत. ॲन्सेल्मनी दारातल्या मोगऱ्याच्या कुंड्या एकेक उचलून विहिरीपलीकडे नेल्या. त्या मोगऱ्यावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त जीव, पण एक शब्द बोलले नाहीत.

गल्लीतले लोक कुंपणाबाहेरूनच ओरडून जातात, "चमत्कार झाला, टीचर!" मी मान हलवते.

४ सप्टेंबर, बुधवार

आग्नेसबाय मागच्या दाराने आली. माझी नणंद, शेजारच्याच घरात राहते, पण पुढच्या दाराने कधी यायची नाही. चहा ओतून घेतला आणि म्हणाली, "आता नवस फेडायला लाग. कोणाकोणाला काय काय बोललीस ते सांग, मेणबत्त्या मी आणते." (घरच्या बोलीत म्हणाली. मी इथे शुद्ध करून लिहितेय. खोड जात नाही.)

मी सांगत गेले. वेलंकनी, मोतमाउली, अंतोनी. बोलता बोलता तोंडातून निघालं, "आणि एक जिन्यात बोलले."

"कोणाच्या नावाने?"

"नाव नाही घेतलं. जो ऐकेल त्याला म्हटलं."

तिने कप खाली ठेवला. आमच्या घराचा हा नियमच आहे. नवस बोलायचा तर आधी संताचं नाव, मग मागणं, मग देणं. सासूबाईंनी मला लग्नाच्या वर्षीच शिकवलं होतं. नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बिननावाचा नवस म्हणजे रस्त्यात पडलेलं पाकीट, ज्याचा हात आधी पडेल त्याचं. तेव्हा मी मनात हसले होते. बी.ए. बी.एड. ना मी!

"काय देते म्हणालीस?" आग्नेसबायने विचारलं.

"मेणबत्ती," मी म्हणाले.

"मेणबत्तीने भागेल मग," म्हणाली आणि चहा पिऊन गेली. मी तिथेच बसून राहिले. भात करपला.

८ सप्टेंबर, रविवार

मारिया माउलीचा जन्मदिवस. ॲन्सेल्म घरी ज्युलीजवळ थांबले, मी मिस्साला गेले. कम्युनियनची, प्रभूचा प्रसाद घ्यायची वेळ झाली, बाकावरचे सगळे उठले आणि मी बसूनच राहिले. कोणाच्या तोंडाने घेणार? जे माझं राहिलंय की नाही हेच माहीत नाही, त्याच्यात प्रभूला कुठे बसवू? शेजारची बाई माझे पाय ओलांडून गेली. परत येताना तिने माझ्याकडे पाहिलं.

संतांना महिनाभर विनवलं, काही झालं नाही. जिन्यात एकदाच बोलले आणि सकाळी ताप उतरला. यातून जे कळतं ते मला लिहवत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

फादर ॲल्रॉय ज्युलीसाठी कम्युनियन घेऊन घरी आले. माझाच विद्यार्थी, आठवीत निबंधात ढीगभर चुका करायचा. आता मी त्याला अहो म्हणते. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, सगळं मीच मांडलं. ज्युलीने घेतलं, ॲन्सेल्मनी घेतलं. फादर माझ्याकडे वळले तेव्हा मी "दूध उतू जातंय" म्हणून आत पळाले. गॅसवर काहीच नव्हतं.

निघताना फादर म्हणाले, "टीचर, यंदाचं नाताळचं नाटक लिहाल ना? तुमचंही मन रमेल." चर्चच्या पटांगणावर दर नाताळात नाटक होतं आणि वर्षानुवर्षं मीच लिहितेय. यंदा विषयही तेच घेऊन आले. सैतानाला आत्मा विकणाऱ्या माणसाची जुनी युरोपातली गोष्ट! "सेमिनरीत वाचली होती. आपल्या वसईत आणा तिला. आपल्या लोकांना लगेच कळेल."

हो म्हणाले. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं.

६ ऑक्टोबर, रविवार

फादरांनी पाठवलेली पुस्तकं वाचतेय. गोष्ट एकच, सांगणारे शेकडो. फार जुन्या रूपात चर्चमधलाच एक माणूस आहे. पद गेलं म्हणून चिडतो आणि सैतानाला कागद लिहून देतो. मग रडतो, उपास करतो, शेवटी पवित्र मारिया जाऊन तो कागद परत आणते. माणूस झोपेतून उठतो तर कागद छातीवर. पुढच्या शतकांतले लेखक कडक निघाले. त्यांच्या पंडिताला मुदत संपली की ओढून नेतात, रडो की भेको. त्याच्याही पुढच्यांना दया आली, त्यांनी पुन्हा सोडवला. म्हणजे माणूस नरकात जाणार की नाही हे लिहिणाऱ्याच्या जमान्यावर ठरतं! शाळेत हे सांगितलं असतं तर वर्ग हसला असता. आज मी पुस्तक मिटून कपाटावर ठेवलं.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी. विकणारा स्वतःसाठी विकतो. विद्या, तारुण्य, गादी, बाई. त्याला पश्चात्ताप सोपा आहे. घेतलं ते टाकून द्यायचं. पुस्तकं जाळ, गादी सोड, बाईला घरी पाठव. मी काय टाकू? मी पश्चात्ताप करायचा म्हणजे देवाला म्हणायचं, चुकलं माझं, तो सौदा मला नको. सौदा नको म्हणजे ती सकाळ नको. ताप उतरलेली सकाळ! हे मी म्हणू? मेले तरी म्हणणार नाही.

म्हणून तर पापनिवेदनाला जाता येत नाही. फादर विचारणार, पश्चात्ताप होतो का? नाही होत. मनापासून नाही होत. आणि तो नसेल तर क्षमा नाही, हे मीच धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना घोकून घेतलंय.

१९ ऑक्टोबर, शनिवार

या खेपेच्या केमोनंतर ज्युली आज पहिल्यांदा उठून बसली. डोक्याला पिवळा स्कार्फ. "नाटक वाच," म्हणाली. पहिला अंक वाचला. किल्ल्यात पोर्तुगीज होते त्या काळातला वैद्य आणि त्याच्यासमोर शिंगं लावलेला सैतान.

"शिंगं कशाला गं? वसईत शिंगवाल्याला दारात तरी उभं करील का कोणी? एजंट कर त्याला. पांढरे बूट, काखेत फाइल, 'काकी, तुम्ही फक्त सही करा, बाकी सगळं मी बघतो.'" आवाज असा काढला की मागच्या दारात उभी असलेली आग्नेसबायसुद्धा हसली. ॲन्सेल्म हसता हसता खोकायला लागले. त्यांच्याकडे असे एजंट आठवड्याला येतात, वाडी मागायला.

किल्ला खोडला. गोष्ट आजच्या भुईगावात आणली.

"आणि वैद्य आत्मा विकतो कशासाठी?" ज्युलीने विचारलं.

"त्याची मुलगी आजारी असते."

"मग तो वाईट कुठे आहे? लोक त्याच्याच बाजूने होतील, आई."

"होऊ देत."

"मग शेवट कसा करणार?"

"बघू," म्हणाले. मला तरी कुठे माहीत आहे.

२७ ऑक्टोबर, रविवार

मिस्सानंतर फादरांनी थांबवलं. नाटकाचं बोलायला. मी नाटकाच्या आडून विचारलं, "फादर, वैद्याचा आत्मा खरंच जातो का?"

"कसा जाईल, टीचर? आत्मा त्याचा आहेच कुठे विकायला? सातबारा देवाच्या नावावर आहे. ज्याच्या मालकीचंच नाही ते विकलं तर सौदा रद्द."

"अहो फादर, वसईत राहून असं बोलता? इथे दुसऱ्याच्या सातबाऱ्यावरची जमीन विकली जात नाही होय? विकतात, वर बिल्डिंग उभी राहते, लोक राहायला येतात, मग मूळ मालक कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो."

फादर हसले. पण मी हसले नाही हे त्यांच्या लक्षात आलं. हळूच म्हणाले, "सैतानाला मुली बऱ्या करता येत नाहीत, टीचर. एवढं चांगलं काम त्याच्या हातून होणार नाही."

"मग ज्याने केलं त्याने महिनाभर का थांबायचं? मी आत्मा देते म्हटल्यावरच का?"

असं मी उघड म्हणाले नाही, म्हणणार होते! 'वैद्याने असं विचारलं तर?' असं करून विचारलं. फादर म्हणाले, "हेच मीही देवाला विचारत असतो, टीचर." प्रामाणिक आहे पोरगा.

२ नोव्हेंबर, शनिवार

मृतांचा दिवस. दफनभूमीत सासूबाईंच्या कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या लावल्या. ॲन्सेल्म म्हणाले, "आपली जागा इथेच, शेजारी." दरवर्षी म्हणतात. शरीर तिथे जाईल खरं. पुढे ती सगळी माणसं भेटतील असं मला लहानपणापासून वाटत आलंय. आई, बाबा, सासूबाई. मी त्यांना दिसणार नाही. ज्युली कधीतरी, खूप म्हातारी होऊन तिथे पोचेल आणि विचारील, आई कुठाय?

रडले. ॲन्सेल्मना वाटलं सासूच्या आठवणीने. चकितच झाले.

२४ नोव्हेंबर, रविवार

केमो संपले. हाडातला रिपोर्ट पुन्हा साफ. डॉक्टरीणबाईंनी ज्युलीला मिठी मारली. घरी येताना तिने वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी मागितली आणि डॉक्टरांनी हो म्हटलंय म्हणून गाडीतच अख्खा पुडा संपवला. डोक्यावर केस उगवू लागलेत, मऊ, हात फिरवू देते.

सुख म्हणतात ते हेच. आणि त्या बाजूने शब्द पाळलाय, आता मलाही पाळायला हवा.

९ डिसेंबर, सोमवार

शेवटचा प्रवेश लिहून होत नाही. तालमी सुरू झाल्या, मुलं विचारतात, टीचर, पुढे काय? वैद्य गुडघे टेकतो इथपर्यंत लिहिलंय. त्याच्या तोंडी 'देवा, चुकलं' हे शब्द येतच नाहीत. चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. त्याची मुलगी विंगेत उभी आहे, ऐकतेय.

ज्युली म्हणाली, "दे इकडे, मी लिहिते." दिलं.

२८ डिसेंबर, शनिवार

नाटक झालं. एजंट आला तेव्हा पटांगण हसून हसून लोटपोट. शेवटी माउली आली, निळी साडी नेसलेली. एजंटच्या काखेतली फाइल काढून घेतली, कागद फाडला. ज्युलीने तिला एकच वाक्य दिलं होतं: "ज्याने लेकरासाठी दिलं, त्याचं मी जाऊ देत नाही." बायका पदराने डोळे पुसत होत्या. फादर रडले. आग्नेसबायने माझा हात दाबला.

छान लिहिलंय मुलीने. मला मात्र वाटत राहिलं की कागद फाटताना विंगेतल्या त्या मुलीचं काय झालं, ते कोणी दाखवलंच नाही. पडदा लगेच पडला.

१२ जानेवारी २०२५, रविवार

ज्युलीने आज विचारलं. मिस्साहून आल्या आल्या, पायातली चप्पल काढायच्या आधी.

"आई, तू कम्युनियन का घेत नाहीस? नाताळातही घेतलं नाहीस."

"गुडघा दुखतो. उठवत नाही."

"बाजारात नाही दुखत तो."

खोटं बोलून बोलून कंटाळा आला होता. सांगून टाकलं. जिना, जो कोणी ऐकेल तो, कायमचा, सगळं.

मला वाटलं रडेल. किंवा हसेल, वेडी आहेस म्हणेल. चिडली! अशी चिडली की ॲन्सेल्म वाडीतून धावत आले. "मला विचारलंस? मी काय बोकड आहे, कोणाला तरी काहीतरी देऊन सोडवून आणायला? आता रोज सकाळी उठून मी काय समजायचं? की हे ऊन, हा चहा, सगळं आईच्या नरकावर चाललंय?"

"ज्युली, हळू."

"फादरांकडे जा. आत्ता जा. सांग, चुकलं."

"नाही चुकलं."

"आई, मी औषधाने बरी झाले."

"मग झालं तर. मग मी काय बोलले न बोलले, त्याने तुझं काय बिघडतं?"

मग अगदी हळू म्हणाली, "तुला खरंच वाटतं? तू चुकलं म्हणालीस तर मी मरेन?"

मी चहा ठेवायला आत वळले. तिला कळलं.

१९ जानेवारी, रविवार

कम्युनियनची वेळ झाली. ॲन्सेल्म उठले. ज्युली उठली नाही. माझ्या शेजारी, हाताची घडी घालून.

"जा," मी म्हणाले.

"तू उठशील तेव्हा उठेन."

अख्ख्या गावाने पाहिलं. मरणाच्या दारातून परत आलेली मुलगी, जिच्यासाठी प्रत्येक घरात माळ जपली गेली, ती प्रभूला घ्यायला उठत नाही. मी विकला तो आत्मा माझा होता. हिचा का जातोय यात?

९ फेब्रुवारी, रविवार

अजून तेच. दर रविवारी दोघी बसून. घरी बोलते, पण कामापुरतं. 'भाजी झाली का', 'गाडी काढू का'. परत बँकेत जायला लागली. आल्यावर खोलीत.

ॲन्सेल्म आज संध्याकाळी पानवेलीला पाणी घालता घालता म्हणाले, "लोक विचारतात, घरात काय शिजतंय. काय सांगू?"

"सांगा, बायकोला वेड लागलंय."

"ते सांगतोच." पाइप पुढच्या वेलीकडे वळवला. "बर्था, वेल जगायची असली की जगते. मी काही कोणाशी करार करत नाही. पाणी घालतो, बस. तू पण पाणीच घातलंस तिला. चोवीस तास उशाशी होतीस. तेवढ्याने का नाही भागत तुझं?"

का नाही भागत! कारण त्या काचेबाहेर उभं राहून काही भागत नव्हतं म्हणून. पण त्यांना बोलले नाही. त्या काचेवरून त्यांचा हात काढला होता तो मला अजून दिसतो.

जाऊन चुकलं म्हणावं असं आज क्षणभर वाटलं. ज्युली पुन्हा हसली असती माझ्याशी. मग तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. साधाच खोकला, धुळीचा. पण मी फादरांकडे जायला उठले नाही.

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार. राख सगळ्यांना मिळते, पापी असो की कोणी असो. म्हणून दोघी रांगेत उभ्या राहिलो, कितीतरी महिन्यांनी. फादरांनी माझ्या कपाळावर अंगठा जरा जास्तच वेळ टेकवला. कोणीतरी सांगितलं असणार त्यांना, किंवा ज्युलीनेच सांगितलं असेल. परत येताना तिने माझा हात धरला. घरापर्यंत सोडला नाही. "ईस्टरला तरी उठू या," एवढंच म्हणाली.

मी म्हणाले, "बघू." ती 'बघू'वर खूश झाली, इतकी की मला लाज वाटली.

११ मार्च, मंगळवार

ज्युलीच्या दंडावर निळा डाग. बँकेच्या दाराचं हँडल लागलं म्हणाली. मांडीवर दुसरा आहे, तो तिने दाखवला नाही. ती आंघोळीहून बाहेर येताना मला दिसला. पहिल्या वेळीही असेच डाग होते.

१५ मार्च, शनिवार

रक्त दिलंय तपासायला. ती थट्टा करतेय, "हँडलवर केस करू या." ॲन्सेल्म वाडीतून घरात येत नाहीत.

मी काही मोडलेलं नाही. पापनिवेदन केलं नाही. मनातसुद्धा 'चुकलं' म्हटलं नाही. 'बघू' म्हणाले, पण बघू म्हणजे हो नव्हे! माझा शब्द जसाच्या तसा आहे. नरक पत्करलाय, मुलीचा अबोला पत्करलाय, गावाच्या नजरा पत्करल्यात. मग डाग का? पलीकडे जो कोणी आहे त्याला मी हेच विचारतेय दिवसभर. भांडी घासताना, झाडताना, मीठ शोधताना. माझ्या बाजूने मी सगळं केलंय.

१९ मार्च, बुधवार

परत आलंय. या खेपेला हातात फारसं काही नाही म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

ज्युलीने टेबलाखाली माझा हात धरला. "बघ आई," म्हणाली, "कोणी घेतलाच नव्हता तुझा आत्मा." मला धीर देत होती. ती, मला.

पण ते तिच्या आधी माझ्या मनात येऊन गेलं होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य अजून पुरं व्हायचं होतं. 'परत' एवढा शब्द ऐकला आणि मी आतल्या आत म्हणाले, मी सुटले. आधी ते. मुलगी त्याच्यानंतर.